चेहरा ओघळू लागलाय: हायफू, धागे, फिलर, की अजून थांबावं?

एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४३. जबड्याची रेघ पूर्वी सलग होती, आता हनुवटीच्या दोन्ही बाजूंना बारीक फुगवटे आलेत आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल वाटते. तीन ठिकाणी दाखवून झालं. एका डॉक्टरांनी हायफू (ध्वनिलहरींच्या उष्णतेने कातडी आवळणं) सांगितलं, दुसऱ्यांनी थ्रेड लिफ्ट (कातडीखाली धागे घालून गाल ओढणं), तिसऱ्यांनी गालात फिलर (भर देणारं जेलचं इंजेक्शन). मोठी बहीण म्हणते, आत्ता पैसे घालवू नकोस, पन्नाशीनंतर एकदाच फेसलिफ्ट (ओघळलेला चेहरा ऑपरेशनने उचलणं) करून मोकळी हो. यातलं कोणाचं ऐकावं, आणि दोन महिन्यांवर आलेल्या एका समारंभाआधी काही करून घेता येईल का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सुया आणि यंत्रं माझ्या रोजच्या वापरातली. फेसलिफ्ट मी करत नाही, त्यासाठी प्लास्टिक सर्जनकडे पाठवते. हे आधीच सांगून टाकते, कारण सल्ला देणाऱ्याच्या दवाखान्यात काय आहे याचा रंग सल्ल्याला लागतोच, माझ्याही. तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली म्हणून कोणी फसवतंय असं समजायचं कारण नाही. पण त्या तिघांपैकी कोणी तुम्हाला आडवं झोपवून हातात आरसा दिला का? गालाची कातडी चिमटीत धरून पाहिली का? दहा वर्षांपूर्वीचा फोटो मागितला का? हे झालं नसेल तर तुम्हाला उपचाराचं नाव मिळालंय, निदान मिळालेलं नाही.

चेहरा ओघळतो म्हणजे फक्त कातडी सैल होते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात कातडीखाली चरबीचा थर आहे, त्याखाली स्नायूंना जोडलेला एक पातळ, चिवट पडदा आहे (डॉक्टर त्याला स्मास म्हणतात, १९७६ मध्ये दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं), त्याखाली आणखी खोलवर चरबीचे कप्पे आणि शेवटी हाड. चरबी सलग पसरलेली नसते, कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते, आणि वयानुसार सगळे कप्पे सारखे बदलत नाहीत. गालाच्या मध्यावरचा खोल कप्पा झिजतो, तर जबड्याजवळचा वरचा कप्पा तसाच राहतो किंवा भरतो. हाडही झिजतं: डोळ्याची खोबण रुंदावते, वरचा जबडा आत जातो, खालच्या जबड्याची हनुवटीच्या बाजूची जागा बसते. दाढा काढल्या असतील तर हे लवकर होतं. आणि हे सगळं हाडाला धरून ठेवणारे काही घट्ट बंध असतात. हनुवटीच्या जरा मागे असाच एक बंध आहे. वरून सरकलेली कातडी आणि चरबी त्याच्यापाशी येऊन अडते, म्हणून फुगवटा नेमका तिथेच, बंधाच्या मागच्या बाजूला दिसतो. तुम्ही लिहिलेत ते फुगवटे हेच. आम्ही त्यांना जाउल म्हणतो.

कातडीचं म्हणाल तर प्रौढ वयात त्वचेतलं कोलॅजन (तिला ताठ ठेवणारं प्रथिन) दर वर्षी साधारण एक टक्क्याने घटतं असं मानतात. रजोनिवृत्तीनंतर हा वेग वाढतो, पहिल्या पाच वर्षांत जवळपास ३० टक्के कोलॅजन जातं. ४३ व्या वर्षी तुम्ही त्या टप्प्याच्या अलीकडे आहात. म्हणजे आत्ता केलेल्या उपचारांना साथ देणारी कातडी अजून तुमच्याकडे आहे.

तर मी रुग्ण तपासताना स्वतःला एवढंच विचारते: हा चेहरा सैल झालाय, रिकामा झालाय, जड झालाय, की कुठला स्नायू त्याला खाली खेचतोय? बहुतेकांत यातली दोन कारणं असतात, पण एक पुढे असतं. ते ओळखलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

हे घरी बरंचसं बघता येतं. खिडकीसमोर दिवसाच्या उजेडात बसा, केस मागे घ्या, मेकअप नको. आधी सरळ बघून फोटो काढा, मग आरसा मांडीवर ठेवून खाली वाकून बघा, मग पाठीवर झोपून आरसा चेहऱ्यावर धरा. झोपल्यावर जबड्याची रेघ लख्ख झाली, गाल जागेवर गेले आणि चेहरा आवडला, तर उती खाली सरकल्यात, म्हणजे सैलपणाचा भाग मोठा आहे. झोपूनही गाल बसलेलेच, डोळ्याखाली खळगा तसाच, तर प्रश्न रिकामेपणाचा आहे आणि कितीही ताणलं तरी तो सुटणार नाही. झोपूनही हनुवटीखाली आणि जबड्यापाशी जाडी राहिली तर चरबी जास्त आहे. त्यानंतर जबड्याजवळची कातडी दोन बोटांत हलकेच धरून सोडा. पटकन जागेवर गेली तर कातडीचा ताठपणा बरा आहे, क्षणभर उभी राहिली तर नाही. चिमटीत काय येतं तेही बघा: पातळ कागदासारखी कातडी की जाडसर मऊ भाग. शेवटी दात आवळून खालचा ओठ जोरात खाली ओढा. मानेवर उभ्या दोऱ्या ताठ झाल्या आणि जबड्याची रेघ लगेच खाली आली तर मानेचा स्नायू ओढतोय.

आणखी एक गोष्ट तपासा: वजन. गेल्या वर्षभरात आठ-दहा किलो कमी झालं असेल, डाएटने किंवा हल्ली चाललेल्या वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी, तर चेहरा आत्ता दिसतोय तो शेवटचा नाही. वजन निदान सहा महिने एका जागी राहू द्या, मग ठरवा.

रिकामेपणावर मी जरा थांबते, कारण सुरुवातीच्या ओघळीत सगळ्यात जास्त चुकीचं निदान इथे होतं. उशीतला कापूस बसला की अभ्रा ढिला दिसतो. अभ्रा आवळून शिवला तर उशी लहान होते, भरलेली दिसत नाही. पस्तिशी ते पंचेचाळीस या वयातल्या सडपातळ बायकांची तक्रार पुष्कळदा अशीच असते. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, लांब पल्ल्याचं धावणाऱ्या, अंगावर चरबी नावालाही नाही. दुसरीकडे त्यांनी दीड वर्षात हायफूची तीन सत्रं घेतली होती, दर वेळी "अजून थोडं टाइट करू" म्हणून. त्यांच्या गालफडाखाली बोट ठेवलं तर सरळ दात लागत होते. कातडी खरंच घट्ट झाली होती, आणि चेहरा आधीपेक्षा थकलेला दिसत होता. उष्णतेने चरबी विरघळू शकते, आणि ज्याच्याकडे मुळात ती कमी आहे त्याला ती गमावणं परवडत नाही. त्यांना घट्टपणा नको होता, भर हवी होती.

आता एकेक पर्याय.

हायफू म्हणजे एका बिंदूवर केंद्रित केलेल्या ध्वनिलहरी. कातडीच्या वरच्या थराला धक्का न लावता ठरावीक खोलीवर, सहसा १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटरवर, ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाचे बारीक भाजलेले ठिपके तयार होतात. ४.५ मिलिमीटर म्हणजे बहुतेकांच्या गालावर स्मासच्या आसपास. ठिपक्यांच्या जागी शरीर दुरुस्ती करतं, नवं कोलॅजन बनतं, आणि उती थोडी आकसते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारी सरकारी संस्था) या तंत्राच्या पहिल्या यंत्राला २००९ मध्ये भुवई उचलण्यासाठी आणि २०१२ मध्ये हनुवटीखालच्या भागासाठी व मानेसाठी मान्यता दिली. पण "उचलणं" या शब्दाने हुरळून जाऊ नका. सुरुवातीच्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी भुवई सरासरी पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वर गेली होती. भुवईला तेवढं दिसतं. लोंबणाऱ्या गालाला दिसणार नाही.

प्रत्यक्षात ते कसं होतं हे सांगते, कारण जाहिरातीत ते गाळतात. आधी चेहऱ्यावर पेन्सिलीने चौकोन आखले जातात. ज्या जागा टाळायच्या त्या वेगळ्या दाखवतात: डोळ्याच्या खोबणीच्या आत अजिबात नाही, गळ्याच्या मध्यभागी थायरॉइडवर नाही, आणि खालच्या जबड्याच्या कडेवर जिथून ओठ हलवणारी नस (मज्जातंतू) जाते तिथे फार जपून. मग जेल लावून यंत्राचा दट्ट्या कातडीवर घट्ट टेकवतात आणि ठिपक्यांची रांग सुटते. गालाच्या मांसल भागात ते सोसवतं. जबड्याच्या आणि गालाच्या हाडाजवळ आलं की खोल, करकरीत कळ जाते, कधी दातांच्या मुळापर्यंत. हाडापाशी खूप जास्त दुखलं तर सांगायचं, दात आवळून सहन करत बसायचं नाही, कारण त्या वेदनेवरूनच डॉक्टरांना कळतं की खोली जास्त होतेय. नंतर तासभर लाली, दोन-चार दिवस दाबल्यावर दुखणं, थोडी सूज. क्वचित त्या नसेला धग लागून खालचा ओठ एका बाजूने नीट उतरत नाही, हसताना तोंड वाकडं दिसतं. बहुतेक वेळा ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत होतं, पण ते आठवडे कोणाला आवडत नाहीत.

चांगल्या यंत्रात पडद्यावर आतले थर दिसतात, दट्ट्या हाडावर टेकलाय की मांसावर हे कळतं. स्वस्त यंत्रांत ते दिसत नाही. हायफू या एकाच नावाखाली दोन्ही विकली जातात. "किती शॉट देणार" हा प्रश्न सगळे विचारतात. तुम्ही त्याबरोबर "कोणत्या खोलीचे, आणि आत काय आहे हे तुम्हाला दिसणार का" हेही विचारा.

हायफूचा उपयोग होतो तो मध्यम जाडीच्या चेहऱ्याला, सौम्य सैलपणा असताना, कातडी बऱ्यापैकी ताठ असताना. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसू लागतो आणि सहा महिन्यांपर्यंत वाढतो. वर्षभर, कधी थोडा जास्त टिकतो. काहींना जवळजवळ काहीच फरक दिसत नाही, आणि कोणाला दिसणार नाही हे आधी छातीठोक सांगता येत नाही.

रेडिओ फ्रिक्वेन्सी, म्हणजे आरएफ, वेगळ्या मार्गाने तेच काम करते. विजेच्या प्रवाहाला उती अडथळा करते आणि उष्णता तयार होते, पण ती बिंदूत न साठता पसरून कातडीत राहते. म्हणून बारीक सुरकुत्या, कागदासारखी झालेली कातडी, डोळ्यांभोवतीचा ढिलेपणा यांना आरएफ बरी, जाउलला कमी. पेसमेकर असेल तर आरएफ नाही, हे यंत्र लावणाऱ्याने न विचारताही तुम्ही सांगायचं. सुयांमधून आरएफ देणारं तंत्र सध्या जोरात आहे. मुरुमांचे खड्डे आणि सैल कातडी दोन्ही असतील तर मी ते आवडीने वापरते. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएने याच तंत्राबद्दल सावधगिरीची सूचना काढली आहे: भाजणं, वण, चरबी झिजणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्या म्हणून. हे वैद्यकीय उपचार आहेत, फेशियलच्या खुर्चीत घ्यायची गोष्ट नाही, आणि घरी तर मुळीच नाही, असा त्याचा रोख आहे. मला तो रास्त वाटतो.

सावळ्या आणि गव्हाळ कातडीसाठी हायफू आणि आरएफ यांचा एक मोठा फायदा आहे: त्या रंगद्रव्याकडे बघत नाहीत. काही लेसर मात्र बघतात, आणि गडद कातडीवर जोरात वापरले तर महिनोन्‌महिने काळे डाग मागे राहतात. ओघळीसाठी लेसर सुचवला तर कोणता, कशासाठी, आणि माझ्या रंगाच्या कातडीवर तुम्ही तो किती वापरलाय, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

धाग्यांबद्दल माझं मत फारसं उदार नाही. पॉलिडायऑक्सेनोन, म्हणजे पीडीओ, हे टाक्यांसाठी फार पूर्वीपासून वापरलं जाणारं द्रव्य आहे. ते साधारण सहा-आठ महिन्यांत शरीरात जिरतं. त्याला बारीक काटे असतात. कानाजवळून सुईने आत घालून ओढलं की काटे उतीत रुततात आणि गाल लगेच वर जातो. हे "लगेच" हीच त्याची भुरळ. खुर्चीतून उठताना आरशात फरक दिसतो, त्यातला काही भाग सुजेचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत बराचसा उतरतो, आणि वर्षभरानंतर फारसं काही उरलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. हसताना गालावर खळगी पडणं, एक बाजू वर एक खाली, धाग्याचं टोक कातडीतून डोकावणं, जंतुसंसर्ग, हे सगळं घडतं. बहुतेक निस्तरता येतं, पण आठवडे जातात. नुसते गुळगुळीत, बिनकाट्यांचे धागे तर उचलतच नाहीत, ते कोणी "लिफ्ट" म्हणून विकत असेल तर तिथून उठा.

मग धागे कोणालाच नकोत का? तसंही नाही. सडपातळ पण अगदीच सुकलेला चेहरा नाही, कातडी जाडसर, हाडाची ठेवण चांगली, ओघळ थोडीच, आणि वर्षभराच्या फरकावर समाधान असेल, तर अनुभवी हातात धागे बरे दिसतात. जड चेहऱ्यात ते वजन पेलत नाहीत. फार पातळ कातडीत ते दिसतात.

फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरोनिक ॲसिडचं जेल. ओघळीवर फिलर सुचवलं की लोकांना वाटतं नाकाजवळच्या घडीत भरणार. घडीत थेट भरणं हा जुना प्रकार, त्याने तोंडाभोवतीचा भाग जड होतो आणि चेहरा माकडासारखा पुढे येतो. रिकामपण गालाच्या हाडावर आणि कानाजवळ असतं, तिथे खोल, हाडालगत थोडंसं दिलं की घडी आपोआप हलकी होते. हनुवटी आत गेलेली असेल तर हनुवटीवर दिलेलं फिलर जाउल झाकतं: फुगवटा तोच राहतो, त्याच्या पुढचा खळगा भरला जातो आणि रेघ सलग दिसते. तिसऱ्या डॉक्टरांनी गालात फिलर सांगितलं ते या विचाराने असेल, तर तुमच्या झोपून बघण्याच्या परीक्षेशी ते जुळतंय का ते बघा.

पण फिलरने ओघळ ओढून काढायचा प्रयत्न करू नये. एका सिरिंजने पाहिजे तेवढं उचललं नाही म्हणून दुसरी, मग तिसरी, आणि हसल्यावर गालांचे गोळे डोळ्यांवर चढतात. हे चेहरे तुम्ही पाहिले असतील. जेल ९ ते १८ महिने टिकतं असं सांगतात, पण एमआरआय करून पाहिलेल्या काही लोकांत ते कित्येक वर्षांनीही सापडलंय. म्हणून "उतरलं असेल, पुन्हा भरू" हा हिशोब धोक्याचा आहे.

फिलरचा खरा धोका दुर्मीळ पण गंभीर आहे. जेल रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरू शकते, आणि फार क्वचित दृष्टी जाते. नाक, आणि दोन भुवयांच्या मधली जागा, या यात सर्वांत बदनाम. हायल्युरोनिक ॲसिड विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं औषध आहे. ते दवाखान्यात, आत्ता, या खोलीत आहे का हे विचारा. "मागवता येईल" हे उत्तर चालत नाही.

कोलॅजन वाढवणारी इंजेक्शनं, म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइट, ही मधली वाट आहे. रिकामेपण सगळीकडे पसरलेलं असेल, एका जागी खळगा नसून चेहराच सुकल्यासारखा असेल, तर मला ती फिलरपेक्षा आवडतात. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन सत्रं, फरक हळूहळू, टिकतो दीड-दोन वर्षं. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडनंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच पाच मिनिटं चोळायचं असतं, आणि ते न केल्यास गाठी होण्याची शक्यता वाढते. ही द्रव्यं नको वाटली तरी विरघळवता येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवून सही करा.

बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, ओघळीत मर्यादित पण नेमका उपयोग आहे. मानेचा स्नायू खाली ओढत असेल तर जबड्याच्या कडेने आणि मानेच्या दोऱ्यांत थोडंथोडं दिलं की रेघ सुटते. तीन-चार महिने टिकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफडीएने मानेच्या या पट्ट्यांसाठी त्याला मान्यताही दिली. दुहेरी हनुवटीत फक्त चरबी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन किंवा छोटं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) आहे, पण वरची कातडी आधीच ढिली असेल तर चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. मग हनुवटी गेली आणि मान आली, असं होतं.

आता बहिणीचा सल्ला. तो अडाणीपणाचा नाही. खरी, ठसठशीत ओघळ असेल, मानेची कातडी लटकत असेल, तर यंत्रं आणि सुया यांवर वर्षानुवर्षं खर्च करण्यापेक्षा एक चांगला फेसलिफ्ट परवडतो, सात ते दहा वर्षं फरक दिसतो, आणि त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही. पण तो आजार नसलेल्या माणसावर केलेलं पूर्ण ऑपरेशन आहे. कानाभोवती वण, दोन-तीन आठवडे लोकांत जाता येत नाही, कानाच्या पाळीला महिनोन्‌महिने बधिरपणा. सर्वांत जास्त दिसणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साठणं, बहुधा पहिल्या २४ तासांत, आणि रक्तदाब आटोक्यात नसेल तर त्याची शक्यता जास्त. सिगारेट ओढणाऱ्यांची कातडी कानामागे मरू शकते, म्हणून आधी आणि नंतर निदान चार आठवडे धूम्रपान पूर्ण बंद लागतं. तुम्ही वर्णन केलंय तेवढ्या ओघळीला ४३ व्या वर्षी बहुतेक सर्जन स्वतःच "अजून थांबा" म्हणतील. आणि पुढे करायचाच असं मनात असेल तर मधल्या काळात धागे आणि उष्णतेचे उपचार वारंवार करू नका. आत चिकटलेले थर वेगळे करताना त्रास होतो, ही तक्रार सर्जन करतात ती खरी आहे.

चेहऱ्याच्या व्यायामाबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून सांगते. २०१८ मध्ये एका लहान अभ्यासात ४० ते ६५ वयाच्या बायकांनी २० आठवडे, सुरुवातीला रोज अर्धा तास व्यायाम केला आणि गाल थोडे भरल्यासारखे दिसले. पण शेवटपर्यंत टिकल्या त्या फक्त १६ जणी, आणि तुलनेला व्यायाम न करणारा गट नव्हता. स्नायू फुगला तर गाल किंचित भरणार, सैल कातडी आकसणार नाही. करायचा तर करा, मी अडवत नाही. घरी लागू पडणाऱ्या दोनच गोष्टी आहेत: रोज, ढगाळ दिवशीही, सनस्क्रीन, आणि रात्री ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाच्या जातीची क्रीम), गरोदरपण नसेल तर. यांनी लोंबलेला गाल वर जात नाही. पण ज्या कातडीवर पुढचे सगळे उपचार अवलंबून आहेत ती टिकते, आणि एवढ्या वर्षांत या दोन गोष्टी नेमाने करणाऱ्या आणि न करणाऱ्या चेहऱ्यांतला फरक मला दारातून आत येतानाच दिसतो.

तुमच्या वर्णनावरून, न तपासता, माझा अंदाज सांगते. बारीक जाउल आणि खोल घडी एकत्र आली की बहुधा गालाचा मध्य थोडा रिकामा झालेला असतो आणि जबड्यापाशी थोडा सैलपणा असतो. झोपून बघितल्यावर ते पटलं, तर मी आधी गालाच्या हाडावर आणि लागल्यास हनुवटीवर अगदी बेताचं फिलर देईन, सहा आठवडे बघेन, आणि मग जबड्याच्या कडेसाठी हायफूचं एक सत्र घ्यायचं का ते ठरवेन. रिकामेपण नसेल आणि चेहरा भरलेला असेल तर हायफू आधी, फिलर बहुतेक नाहीच. दोन्ही लागणारच हे पहिल्याच भेटीत दिसत असेल तर उष्णतेचा उपचार आधी आणि फिलर काही आठवड्यांनी, म्हणजे नुकतं दिलेलं जेल तापत नाही. धागे मी तुम्हाला सुचवणार नाही. एकाच दिवशी तीन उपचारांचं पॅकेज तर नाहीच, कारण मग कशाने फरक पडला आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

दोन महिन्यांवरच्या समारंभाला हायफू उपयोगी नाही, त्याचा फरक तोवर जेमतेम सुरू झालेला असेल. फिलर घ्यायचं तर समारंभाच्या किमान चार आठवडे आधी, म्हणजे सूज आणि काळंनिळं उतरतं आणि थोडं कमी-जास्त करायला वेळ राहतो. बोटॉक्सला दोन-तीन आठवडे पुरतात. समारंभाच्या आठवड्यात काहीही नवीन करू नका.

दवाखान्यातल्या आधीच्या-नंतरच्या फोटोंबद्दल एक सूचना. आधीच्या फोटोत हनुवटी खाली, उजेड डोक्यावरून, चेहरा उतरलेला. नंतरच्यात हनुवटी दोन बोटं वर, उजेड समोरून, ओठांवर अर्धं हसू. जाउल एवढ्यानेच निम्मं जातं, तुम्ही घरी करून बघा. कानाची पाळी दोन्ही फोटोंत सारख्याच उंचीवर आहे का, नाकपुड्या सारख्याच दिसतात का, हे बघितलं की डोकं कितपत फिरवलंय ते कळतं. उपचारानंतर सहा महिन्यांनी काढलेला फोटो मागा. दुसऱ्या दिवशीचा फोटो सुजेचा असतो.

आणि उपचार कोणताही घ्या, घरी गेल्यावर कशाची वाट बघायची नाही ते आधी समजून घ्या. फिलरनंतर कातडी पांढरी फटक पडली किंवा जाळीसारखी निळसर झाली, दुखणं वाढत गेलं, नजरेत फरक वाटला तर सकाळची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठायचं, रात्र असली तरी. दृष्टीत फरक असेल तर डोळ्यांची आणीबाणी बघणाऱ्या रुग्णालयात थेट जायचं. धाग्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज उतरण्याऐवजी गरम होऊन वाढली, पू दिसला, तर अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही, धागा काढावा लागू शकतो. हायफूनंतर ओठ वाकडा वाटला तर घाबरायचं नाही, पण त्याच दिवशी कळवायचं आणि दवाखान्याने त्याची नोंद करून घेतली का ते बघायचं. आपत्कालीन फोन नंबर कोणाचा, आणि तो रात्री उचलणारा माणूस डॉक्टर आहे की रिसेप्शनवरचा, हे पैसे भरण्याआधी विचारा.